मागच्या पडवीतली चूल

१२ मे २०२४, रविवार

आज दुकान बंद आहे, म्हणून कालचे आज लिहितो.

डिचोलीच्या बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. लग्नपत्रिका, नाटकांची पत्रके, देवळाच्या पावत्या असे काम येते. मजकूर मशीनवर जाण्याआधी तो वाचून चुका काढणे हे माझे काम. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, साईशच्या नजरेतून चूक सुटत नाही. ते खरे असावे, पण बाकी कशात त्याचा मला उपयोग झालेला नाही.

काल एका शिष्यवृत्तीचे पत्रक आले. ‘पुन्हा शिकू निधी’ असे नाव आहे. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि वय पंचवीसच्या वर गेले, अशा माणसांनी परत कॉलेजात जावे म्हणून हा निधी आहे. फी निधी भरणार, आणि कॉलेजमुळे अर्धा दिवस काम बुडेल तेही भरून देणार. माझे वय सव्वीस. २०१८ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारा दादाचा ट्रक दाराशी उभा राहिला, तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. परीक्षेला बसलो नाही.

पत्रकाची एक प्रत घडी करून खिशात ठेवली. अजून काही ठरवलेले नाही. सव्विसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलांत बसायचे, म्हणजे ती मुले मला सर समजून उभी राहतील अशी भीती वाटते.

१४ मे, मंगळवार

काल वहिनीने शर्ट धुवायच्या आधी खिसा तपासला. पत्रक तिला सापडले. संध्याकाळी आलो तेव्हा ते लोणच्याच्या बरणीखाली सरळ करून ठेवलेले होते.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, देवेशदादाची, बायको. नाव सुविधा. पेडण्याच्या केरीची. दादा तीन वर्षांपूर्वी साथीत वारला. मूलबाळ नाही. तेव्हापासून सर्वणच्या या घरात आई, वहिनी आणि मी असे तिघे.

जेवताना तिने विचारले, “पंचवीसच्या वर म्हणजे कितीपर्यंत रे?”

“वरची मर्यादा दिलेली नाही.”

“पस्तिशीचं माणूस चालेल?”

“चालायला हवे. पण मी सव्वीसचा आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत तो प्रश्न येत नाही.”

“हां, तुझ्या बाबतीत नाही येत,” ती म्हणाली आणि मला भात वाढला.

आज सकाळी मी निघताना तिने स्पष्टच सांगितले, “अर्ज दोन आण.” तिची बारावी झालेली आहे हे मला ठाऊक होते. कॉमर्सला पहिला वर्ग होता हे ठाऊक नव्हते. आईने ऐकले. ती पडवीत नारळ सोलत होती, तो सोलून झाल्यावर दुसरा घेतला.

२० मे, सोमवार

अडचण आली.

अर्ज घेऊन निधीच्या कार्यालयात गेलो. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरातली पुढची खोली म्हणजे कार्यालय. गोकुळदासबाब त्यांचे नाव. खूप वर्षे शिकवलेल्या माणसाचा आवाज आहे, हळू बोलले तरी मागच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांनी दोन्ही अर्जांवरचा पत्ता पाहिला आणि चष्मा काढला.

“एकाच घरातले रे तुम्ही?”

“होय. माझी वहिनी.”

“मग एकच अर्ज चालेल. एका कुटुंबातून एकच. पत्रकात छापलेय बघ.”

ती ओळ मीच तपासली होती. तिच्यात चूक नाही एवढे पाहिले आणि पुढे गेलो होतो.

“कुटुंब म्हणजे नक्की काय धरायचे?” मी विचारले. मला असे प्रश्न विचारायची सवय आहे. लोकांना ती आवडत नाही, पण गोकुळदासबाबना आवडली असावी.

“रेशनकार्ड धरले तर भानगडी होतात. चार भाऊ वेगळे झालेले असतात आणि कार्ड एकच असते. म्हणून आम्ही जुने माप धरतो. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.”

“एका घरात दोन चुली असल्या तर?”

“तर दोन कुटुंबे. पंचायतीचा दाखला आणायचा, आणि आम्ही येऊन बघणार. नुसता कागद चालणार नाही.” मग मला म्हणाले, “कदेलीवर बस रे, उभा कित्याला? अजून काय विचारायचे आहे?”

अजून काही विचारायचे नव्हते, तरी थोडा वेळ खुर्चीवर बसलो.

२१ मे, मंगळवार

रात्रीच्या जेवणाला विषय काढला. कल्पना माझी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. मागच्या पडवीत वहिनीची वेगळी चूल मांडायची, पंचायतीचा दाखला घ्यायचा, निधीची माणसे येऊन बघून जातील, मग दोघांचेही अर्ज ग्राह्य. यात कोणाचे नुकसान नाही.

आईचा घास हातातच राहिला. “चूल वेगळी म्हणजे किदें, तुका कळता?”

“कागदापुरती, आई.”

“कागदाखातीर कोण रांदता रे?”

“निधीची व्याख्याच तशी आहे. गोकुळदासबाब म्हणाले, एका चुलीवर जेवतात ते–”

“गोकुळदासबाबाक सांग, म्हज्या सासूक चार जावा आशिल्यो, आनी चूल एक.”

मी तिला विचारले, तुझे काय मत. ती म्हणाली, “आई म्हणतील तसं.” पण ताट उचलून नेताना ती मागच्या पडवीच्या दारात थांबली आणि तिथल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे जुनी पोती पडलेली आहेत. ती तिला आवडत नाहीत हे मला माहीत आहे.

२३ मे, गुरुवार

आई हो म्हणाली. म्हणजे म्हणाली, “करा तुमका जाय तशें.” हा होकार धरायचा की नाही यावर मी बराच विचार केला. धरला.

२६ मे, रविवार

चूल मांडली.

वहिनीने कुंभाराकडून मातीची चूल आणली. मला ती पडवीच्या पुढच्या बाजूला हवी होती, म्हणजे आलेल्या माणसांना लगेच दिसेल. वहिनी म्हणाली, “तिथे वारा लागतो. ह्या कोपऱ्यात धूर सरळ कौलांतून वर जातो, मी बघितलंय.” कधी बघितले ते सांगितले नाही. पोती तिने आधीच काढली होती आणि जमीन सारवली होती.

घर वेगळे होते तेव्हा नव्या चुलीत जुन्या चुलीचा निखारा घालतात. आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. वहिनी तिथे पळी घेऊन उभी राहिली आणि आईला म्हणाली, “आई, निखारो दिता?” आईने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. देवाकडे जाऊन बसली. वहिनी थोडा वेळ थांबली, मग काडीने पेटवली.

मला यात नियमाच्या दृष्टीने काही अडचण दिसत नाही. कशाने पेटवावी असे कुठे म्हटलेले नाही.

२८ मे, मंगळवार

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला. आमच्या दाराशी सायकल थांबवून त्याने उंड्यांची पिशवी आईच्या हातात दिली, आणि मागच्या बाजूला बघून विचारले, “त्या दाराक कितले?”

त्याला कोणी सांगितले होते कोण जाणे. आई म्हणाली, “सगळे हांगाच दी.” तेवढ्यात वहिनी मागून घराला वळसा घालून आली आणि म्हणाली, “माका दोन.” तिने स्वतःची पिशवी आणली होती. कापडी, निळी, नवी शिवलेली.

पोदेराची साक्ष उपयोगी पडेल म्हणून त्याचे नाव विचारून ठेवले. तो हसला.

दुकानाला निघालो तर शेजारच्या मालती काकी कुंपणाशी उभ्या. “साईशा, न्हवरो जावचे आदींच वाटणी केली मरे तुवें. लोकांच्यो बायलो येवन घर मोडटात, तुका तितलोय दम नाशिल्लो?”

बायको येऊन घर मोडण्याआधी मीच वाटणी केली असे त्यांचे म्हणणे, म्हणून मी त्यांना शिष्यवृत्तीची योजना समजावून सांगितली. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बरें, बरें. शिकपाखातीर तर शिकपाखातीर.” आणि आत जाऊन कोणाला तरी सांगताना ऐकू आले, “तेचेंच खरें मानता बापडो.”

३० मे, गुरुवार

पंचायतीचा दाखला मिळाला. घराची मालक आई असल्यामुळे तिची सही लागली. सचिवांनी विचारले, “खुशीने ना, बाय?” आईने पेन घेतले आणि हळूहळू पूर्ण नाव लिहिले, विमला. ती एरवी आडनावाची फक्त दोन अक्षरे काढते.

२ जून, रविवार

मला झोप नीट लागत नाही. कारण लिहितो.

अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र आहे. माहिती खोटी आढळल्यास शिष्यवृत्ती रद्द, आणि अर्जदाराचे नाव निधीच्या फलकावर लावणार. वहिनी मागच्या चुलीवर सकाळी पेज करते, पण दुपारी आणि रात्री आमच्यातच जेवते. म्हणजे चूल खरी आहे, पण कुटुंब वेगळे असल्याचे विधान खोटे आहे. गोकुळदासबाब न सांगता आले तर काय दिसेल? वहिनी आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरताना दिसेल.

म्हणून आज मी दोघींना बसवून सांगितले. यापुढे वहिनीने तिन्ही वेळा आपल्या चुलीवर करून तिथेच जेवायचे. मीठमसाला, पाण्याची कळशी, झाडू, सगळे वेगळे. मधले दार बंद ठेवायचे, ये-जा बाहेरून. आणि या दारातून त्या दारात शिजवलेले काही जायचे नाही.

वहिनी म्हणाली, “बरं.”

तिने ते इतक्या लवकर मान्य केले की मला बरे वाटले.

दुपारी आईने मोडाच्या मुगांच्या मुगागाठी केल्या. वहिनीला त्या आवडतात. आई झाकलेली ताटली घेऊन मधल्या दाराकडे निघाली तेव्हा मला तिला थांबवावे लागले. मी कारणही पुन्हा सांगितले. आई ताटली घेऊन उभी राहिली. मग ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “खा. तुवें तपासून घेतल्या न्हय.”

५ जून, बुधवार

मधल्या दाराला आमच्या बाजूने कडी आहे. आज पाहिले तर वहिनीने तिच्या बाजूनेही एक लावली आहे. पुराव्याच्या दृष्टीने चांगले. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, “हो ना, पुराव्यासाठी,” आणि हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिले. चूल पेटवायला लवकर उठावे लागते, त्याने तब्येत सुधारते असे वाचले आहे.

८ जून, शनिवार

केरीहून वहिनीचा भाऊ आला, गौरेश. त्याची होडी आहे, पण आता मासेमारीची बंदी असल्याने मोकळा आहे. स्कूटरला एक पिशवी अडकवून आला आणि सरळ मागच्या दारी गेला. आई आमच्या स्वयंपाकघरात होती, मी पुस्तक घेऊन बसलो होतो. मधले दार बंद असले तरी फळी पातळ आहे.

गौरेश म्हणाला, “वेगळी चूल घातलंस म्हणान केरीत कळला. हेंनी भायर काडली तुका?”

“कोणी नाय काडली.”

“मगे हंय कित्याक रवतंस? थंय आवशीचा घर आसा. चल. आपल्या घरात परत कोणाची परवानगी नाका.”

वहिनीने चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मी घाबरलो. ती केरीला गेली तर पत्ता बदलतो, तालुका बदलतो, आणि दाखला सर्वण पंचायतीचा आहे. अर्ज बाद झाला असता.

मग ती म्हणाली, “थंय मी तुज्या बायलेच्या चुलीर जेवतलंय. हंय माजी आसा.”

गौरेश म्हणाला, “चुलीखातीर रवतंस?”

“होय.”

आईने गॅस बंद केला. आमटी अजून शिजली नव्हती, मी तिला तसे म्हटले. ती म्हणाली, “बस मरे तूं वगी.” मी गप्प बसलो. गौरेशने पिशवी तिथेच ठेवली आणि चहा न घेता गेला. म्हणजे घेतला असेल तर तिच्याकडे घेतला असेल, तो आता आमचा विषय नाही.

९ जून, रविवार

गौरेशच्या पिशवीत सुके बांगडे होते.

आज दुपारी वहिनीने ते निखाऱ्यावर भाजले. वास पुढच्या दारापर्यंत आला. त्याबरोबर लक्षात आले की आमच्या घरात तीन वर्षांत मासळी शिजलेली नाही. दादा गेला त्या महिन्यात आईने मासळी सोडली. मग घरातच बंद झाली. मी बाजारात दुकानाजवळच्या खाणावळीत खातो, त्यामुळे मला कधी जाणवले नाही. वहिनीला खाऊ नको असे कोणी म्हटले नव्हते. खातेस का असे कोणी विचारलेही नव्हते. ती समुद्राकाठची आहे.

आई जेवताना नाकाला पदर लावील असे वाटले. लावला नाही. तिने नेहमीसारखे जेवण केले आणि हात धुताना मला विचारले, “तिणे तांदळाची भाकरी केल्या काय उंडे?”

“मला काय ठाऊक? दार बंद आहे.”

“भाकरीवांगडा खावपाचे ते,” आई म्हणाली.

१३ जून, गुरुवार

निधीची माणसे रविवारी येणार. फोन आला. मी आईला काय बोलायचे ते सांगितले. विचारले तेवढेच, आणि थोडक्यात. चुली किती, तर दोन. कधीपासून, तर सव्वीस मे. का केल्या, असे विचारले तर घरगुती कारण.

“घरगुती कारण किदें?” आईने विचारले.

मी म्हटले, तसेच म्हणायचे असते, पुढे काही सांगायचे नसते.

आईने नाही म्हटले तर दोघांपैकी एकच अर्ज राहील. मी मनात मांडणी करून पाहिली. माझे बारावीचे गुण वहिनीपेक्षा कमी आहेत, आणि पहिल्या वर्षाची परीक्षा सोडल्याचा शेरा आहे. ती बाई आहे, विधवा आहे, निधीला ती योग्य वाटेल. मग मी छापखान्यातच. तिथे मला काही त्रास नाही. पण गेले चार आठवडे मी रोज सकाळी जुनी हिशेबशास्त्राची पुस्तके वाचतो आहे, आणि ती आता मला समजतात. पूर्वी समजत नव्हती. हे कोणाला सांगितलेले नाही.

१६ जून, रविवार

सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारले तर आठवायला हवे.

गोकुळदासबाब आले, आणि त्यांच्याबरोबर निधीच्या एक सभासद, तेजस्विनी मॅडम. त्या बँकेत अधिकारी आहेत. पाऊस होता, दोघांनी छत्र्या पडवीत टेकवल्या. त्यांनी आमचे स्वयंपाकघर पाहिले, मग बाहेरून वळसा घालून मागची पडवी. वहिनी पुस्तक वाचत बसली होती, चुलीवर काहीतरी रटरटत होते. वहिनी उठली, त्यांना बसायला पाट दिला. गोकुळदासबाबनी तिला विचारले, कॉमर्सच का. ती म्हणाली, “मला कोणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायचे नाहीत, सर. मला दुसऱ्यांचे तपासायचे आहेत.” ते मान हलवत राहिले.

मला विचारले, पुन्हा का शिकायचे. मी तयार केलेले उत्तर दिले. ते बरोबर होते. तेजस्विनी मॅडमनी लिहून घेतले नाही.

मग आम्ही सगळे पुढे आलो. आई दारात बसली होती. तेजस्विनी मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या, साडीचा विचार न करता, आणि म्हणाल्या, “आई, रागावू नका. आमच्याकडे लोक बऱ्याच युक्त्या करून येतात. ही चूल शिष्यवृत्तीसाठीच मांडली ना?”

मी आईकडे बघून हळूच ‘घरगुती’ असे ओठ हलवले.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती म्हणाली, “साईशान मांडली ती शिष्यवृत्तीखातीर.”

अर्ज बाद झाला असे मी धरले. आई थांबली नव्हती, पुढचा शब्द शोधत होती.

“तिणे मांडली ती आपल्याखातीर.”

गोकुळदासबाबनी घसा साफ केला. “बाय, म्हणजे एक धरायची की दोन?”

“दोन. वास येना तुमका? म्हज्या चुलीर मासळी शिजना. तिच्या चुलीर शिजता.”

“तुम्ही तिच्याकडे जेवता का?”

“तिणे आपयल्यार वचन,” आई म्हणाली. तिने बोलावले तर जाईन. “आजून आपोवंक ना.”

वहिनी कोपऱ्यावर उभी होती, घराला वळसा घालून नुकतीच आलेली. तिने ऐकले की नाही ठाऊक नाही. तिच्या हातात चहाचे कप होते, तिच्या चुलीवरचा चहा. तिने ट्रे सगळ्यांपुढे धरला, शेवटी आईपुढे. आईने कप घेतला.

ती माणसे गेल्यावर मी आईला म्हटले की पहिले वाक्य बोलायला नको होते, त्यावरून अर्ज बाद होऊ शकतो. आई म्हणाली, “खरें तें सांगले.” मी म्हटले, खरे सांगायचेच होते, पण अर्धे. ती उठून आत गेली.

२४ जून, सोमवार

यादी लागली. दोघांचीही नावे आहेत. माझ्या नावात एक चूक आहे, ती उद्या जाऊन दुरुस्त करून घेतो. वहिनीचे नाव बरोबर छापले आहे.

दुकानात मालकांनी सर्वांना चहा पाजला. मला आनंद झाला असे म्हणायला हरकत नाही.

घरी येऊन मधले दार ठोठावले. वहिनीने तिच्या बाजूची कडी काढली, आईला मी आमच्या बाजूने बोलावले, आणि दोघींना सांगितले. वहिनी आईच्या पाया पडली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मग मी म्हटले, “आता काम झाले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा पाहणी नसते, मी नियम वाचले आहेत. चूल काढायला हरकत नाही.”

वहिनी म्हणाली, “चूल राहू दे.”

“अट नाही तशी.”

“अटीसाठी नाही रे, साईश.”

मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “आयकलें न्हय?” आणि देवाकडे दिवा लावायला गेली. वहिनी तिच्या बाजूला गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

नंतर विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मन हलके झाले. प्रतिज्ञापत्रात मी जे लिहिले होते, वहिनी वेगळ्या चुलीवर जेवते आणि तिचे कुटुंब स्वतंत्र आहे, ते खरे आहे. त्यात आता खोटे काही उरले नाही. गेला महिनाभर मी याचीच काळजी करत होतो. आईलाही हे सांगितले. तिला बरे वाटेल असे वाटले होते.

८ जुलै, सोमवार

कॉलेजचा पहिला दिवस. मुले उभी राहिली नाहीत. एकाने मला शिपाई समजून कार्यालय कुठे आहे ते विचारले, मी त्याला दाखवले, कारण मला माहीत होते.

वहिनी पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या. जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी तिला आंटी म्हणाली. वहिनीने तिला सांगितले, “सुविधा म्हण. आंटी म्हटलंस तर नोट्स मिळणार नाहीत.” त्या सगळ्या हसल्या. मी माझा डबा लांब बसून खाल्ला. निधीचे कोणी पाहत असेल म्हणून. ती चिडली. म्हणाली, “एका बाकावर डबा खाल्ला तर चुली एक होत नाहीत.” हे बरोबर आहे. उद्यापासून जवळ बसेन.

१४ जुलै, रविवार

दिवसभर पाऊस. जमाखर्चाचा पहिला धडा पूर्ण केला. दोन उदाहरणे अडली, ती वहिनीला विचारायची आहेत.

संध्याकाळी आईने आमटी टाकली. मी ओट्याजवळच अभ्यास करत होतो. तिने वाटी घेतली, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली आणि पुढच्या दाराने पावसात निघाली. मी म्हटले, मधले दार आहे, कडी मी काढतो. ती म्हणाली, “लोकांच्या घरा भितरल्या दारान वचनात.” दुसऱ्याच्या घरी आतल्या दाराने जायचे नसते म्हणे.

घराला वळसा घालून ती मागच्या पडवीत पोचली. फळीतून ऐकू आले.

“सुविधा, घरा आसा गो?”

“आई? या ना. भिजलात.”

“चार सोलां दी मगो. आमटेक घालूंक नात.”

मग बरणीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. “बसा आई, चहा ठेवते. घाई नाही ना?”

“ना. कसली घाई.”

पाट सरकवल्याचा आवाज आला. नंतर दोघी बोलत होत्या, पण पावसात शब्द कळले नाहीत.

आमची आमटी गॅसवर आटत होती, म्हणून मी ती उतरवली. मग फडताळ उघडून पाहिले. सोलांची, म्हणजे आमसुलांची, बरणी गळ्यापर्यंत भरलेली आहे. यंदाच्या मे महिन्यातली, आईने स्वतः उन्हात घालून वाळवलेली. तिला ती दिसली नसेल असे होत नाही, कारण ती पुढेच ठेवलेली आहे. आई आली की विचारतो.